तीन महिन्यांचा माणूस

हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढच्या मार्चमध्ये, एका बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता आमच्या गावाने शमुवेल साळवेला निरोप दिला. ग्रामपंचायतीसमोर टॉवेल, टोपी, नारळ आणि चहा असा कार्यक्रम झाला. सरपंच पाच मिनिटं बोलले. शमुवेल आपली हिरवी पत्र्याची ट्रंक घेऊन वारंगा फाट्याच्या काळी-पिवळीत बसला. त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला तो परत आला.

हा त्याचा सातवा निरोप होता.

मी त्या काळात एका दैनिकाचा वार्ताहर होतो. बातम्या वसमतहून पाठवायचो आणि राहायचो याच गावात, कुरुंद्याच्या पलीकडे पाच किलोमीटरवर. गावाचं नाव इथे देत नाही. निरोप देऊनही माणूस जात नाही असं गाव, अशी ओळख नको, असं सरपंच दिगंबररावांचं म्हणणं आहे.

शमुवेल पहिल्यांदा आला तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता आणि शमुवेलचं वय बावीस. यवतमाळकडच्या एका ख्रिस्ती संस्थेची योजना होती. शिक्षण संपलेल्या मुलांनी तीन महिने एखाद्या खेड्यात राहायचं, पडेल ती सेवा करायची, कुणी विचारलं तर येशूबद्दल सांगायचं आणि परत जायचं. शमुवेलला कुणी काहीही सुचवलं की तो याच मुदतीवर बोट ठेवायचा. "मी तं तीन महिन्यांचा मानूस हाव जी," असं म्हणायचा. आठ वर्षांत हे वाक्य बदललं नाही.

राहायला त्याला बुद्धविहाराशेजारी गयाबाईने खोली दिली होती. गयाबाई साठीची, एकटी, मुलगी देऊन झालेली. खोलीत खाट होती, खाटेखाली ट्रंक. शमुवेल धुतलेला शर्ट वाळला की घडी करून ट्रंकेत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच ट्रंकेतून काढून घालायचा. भिंतीला एक खुंटी ठोकून घे, म्हणून गयाबाई पहिल्या आठवड्यापासून मागे लागली होती. थोड्या दिवसांसाठी दुसऱ्याची भिंत कशाला खराब करायची, असं त्याचं उत्तर ठरलेलं होतं.

"खुंटी ठोकली म्हंजी काय लगीन लागतं का भिंतीसंगं?" गयाबाई एकदा माझ्यासमोर म्हणाली.

अंगणात त्याने वाफा केला. त्यात मेथी, पालक, कोथिंबीर. गयाबाईने पपईचं रोप आणून दिलं ते त्याने नम्रपणे परत केलं. पपई धरायला वर्ष लागतं. कॅलेंडरही तो विकत घेत नसे. बारा महिन्यांचं घेऊन नऊ वाया घालवायचे, हे त्याला पटत नव्हतं. तारीख बघायला तो रोज सकाळी माझ्याकडे यायचा आणि चहा घेऊन जायचा.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी तो पारावर उभा राहिला होता. "मी तुम्हाले एक सांगाले आलो," असं म्हणाला. तेवढ्यात दिगंबररावांनी हात वर केला. तुमच्या देवाचं सवडीनं ऐकू, पण शाळेजवळचा हापसा दीड महिन्यापासून बंद आहे, बाया नदीवर जाऊन राहिल्यात, त्याचं काही करता येतं का, असं त्यांनी विचारलं. यात थोडी चेष्टा होती. शमुवेल पारावरून उतरला. त्याने आठ माणसं जमवून पाइप वर ओढायला लावले. आतला चामड्याचा वायसर गेलेला होता. नवा मिळायला वसमतला जावं लागलं असतं. त्याने पायातली एक चप्पल काढली, तळव्यातून गोल तुकडा कापला आणि बसवला. बावीस-तेवीस वेळा दांडा मारल्यावर पाणी आलं. शमुवेल एका चपलेवर घरी गेला.

भाषण राहून गेलं. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा पारावर चढला तेव्हा शेजारच्या वस्तीवरचे दोघे जण आधीच येऊन बसले होते. त्यांचाही हापसा बंद होता.

दिगंबररावांचा संशय मात्र गेला नव्हता. हा पोरगा इथं नेमकं काय करून राहिला याचा तपास करा, असं त्यांनी मला बजावलं. मी तीन महिने नोंद ठेवली. हापसे दुरुस्त अकरा. धर्म बदललेले शून्य. दर रविवारी सकाळी तो खोलीत खंजिरी घेऊन गाणी म्हणायचा. ऐकायला उंबऱ्यावर गयाबाई असायची, सुपात तांदूळ घेऊन. ती दर पौर्णिमेला विहारात जायची आणि दर रविवारी हे ऐकायची. तिचं मत मी विचारलं. "आवाज बरा हाय. शब्द आपले न्हाईत," ती म्हणाली. एवढा अहवाल मी दिगंबररावांना दिला. ते जरा हिरमुसले.

तीन महिने भरले तेव्हा गावाने रीतीप्रमाणे त्याला टॉवेल-टोपी केली. मी चार ओळींची बातमी पाठवली आणि ती छापून आली. ज्या दिवशी छापून आली त्या दिवशी शमुवेल माझ्याकडे तारीख बघायला आला. वारंगा फाट्यावर यवतमाळच्या गाडीला वेळ होता, तोवर त्याने चहाच्या हॉटेलामागचा हापसा खोलला. खोललेला तसाच टाकून जाता येईना आणि गाडी गेली. मग शाळेजवळचा पुन्हा बिघडल्याचं कळलं. त्याने संस्थेला पत्र लिहिलं, संस्थेने आणखी तीन महिने दिले.

दुसऱ्या निरोपाचीही बातमी आली. तिसरी पाठवली तेव्हा नांदेडहून उपसंपादकाचा फोन आला. हा माणूस जातो की नाही ते आधी ठरवा आणि मग पाठवा, असं तो म्हणाला. तेव्हापासून मी ठरवलं, शमुवेल खरंच गेल्याची खात्री झाल्यावर बातमी द्यायची. पुढच्या चार निरोपांची एक ओळही छापून आली नाही.

पुढे संस्था मुदत कधी वर्षभर वाढवायची, कधी दोन वर्षं. प्रत्येक मुदत संपली की गाव टॉवेल-टोपी करायचं, शमुवेल डोळे पुसत काळी-पिवळीत बसायचा आणि परत यायचा. परत येण्याची कारणं मी तपासली आहेत. सगळी खरी होती. एकदा हट्टा गावच्या शाळेला हापसा दुरुस्त करून देण्याचा शब्द दिलेला होता. एकदा पुलावर पाणी आलं. सातव्या वेळी गयाबाईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. फाट्यावर गाडी समोर उभी असताना शमुवेलला आठवलं की संध्याकाळचे थेंब कोण टाकणार. थेंब चाळीस दिवस टाकायचे होते.

टॉवेल आणि टोप्या तो ट्रंकेच्या तळाशी ठेवायचा, घडी न मोडता. वापरत का नाहीस, असं मी त्याला एकदा फाट्यावर विचारलं. हॉटेलात चहा घेत होतो. तो चार वर्षांचा असताना संस्थेच्याच यवतमाळकडच्या बोर्डिंगमध्ये आला होता, ते मला तेव्हा कळलं. आणून सोडणारा मामा पुन्हा आला नाही. उन्हाळ्याच्या सुटीला सगळ्या मुलांना न्यायला घरचे यायचे. वॉर्डन एक वही उघडायचे. मुलाचं नाव, नेणाऱ्याचं नाव, नातं, सही. सही झाल्याशिवाय फाटक उघडत नसे. शमुवेल साळवे या नावापुढचे तीन रकाने चौदा वर्षं कोरे राहिले.

"मले कोनी निरोपच नव्हता दिला जी कधी," तो म्हणाला. "जाले लागते न कुठून तरी, तवा निरोप भेटते." मग त्याने चहाचे पैसे दिले आणि हॉटेलमालकाला हापसा नीट चालतो का, ते विचारलं.

थेंबांचे चाळीस दिवस एप्रिलच्या शेवटी संपले. त्याच सुमारास संस्थेचं पत्र आलं. तीस वर्षं उलटलेल्यांना योजनेत ठेवता येत नाही, यापुढे मुदत वाढणार नाही. शमुवेलने पत्र सगळ्यांना दाखवलं. कुणी मनावर घेतलं नाही. लग्नसराई होती. तो निघाला त्या दिवशी अर्धं गाव कुरुंद्याला एका लग्नाला गेलं होतं. मला वसमतला एका बैठकीची बातमी घ्यायची होती. दिगंबरराव लग्नाला निघताना म्हणाले, काहून उगं टॉवेल आणायचा, संध्याकाळी येतोच की हे. गयाबाईने त्याला सांगितलं, येताना फाट्यावरून चहापत्ती आण.

किराणा दुकानदाराने नंतर मला सांगितलं, शमुवेल साडेनऊला पंचायतीसमोर येऊन ट्रंकेवर बसला. पावणेअकराला उठला.

संध्याकाळी तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी गयाबाई त्याच्या वाफ्याला पाणी घालताना दिसली. आठव्या दिवशी शाळेजवळचा हापसा बंद पडला. दिगंबररावांनी पंचायत समितीला अर्ज करायचं ठरवलं आणि माझ्याकडून लिहून घेतला. सही करायला ते पेन शोधत होते, तेवढ्यात गयाबाई पंचायतीत आली. ती याआधी पंचायतीत कधी आलेली मला आठवत नाही.

"तुमी त्याला वाटं लावलं न्हाई," ती म्हणाली. "सात डाव लावलं, सात डाव आला. औंदा कुनी उंबऱ्यापस्तोर गेलं न्हाई. मी बी चहापत्ती सांगितली. मंग येईल कशाचा?"

दिगंबररावांनी अर्जाची घडी केली.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं वारंगा फाट्यावर यवतमाळच्या गाडीत बसलो. दिगंबररावांच्या पिशवीत टॉवेल, टोपी आणि नारळ होता. गयाबाईने मेथी घेतली होती. ती उमरखेडपर्यंत सुकली.

बोर्डिंगचं फाटक बंद होतं. सुटी लागून मुलं गेलेली. अंगणात शमुवेल हापशाच्या सळया मोकळ्या करून बसला होता. त्याच्याजवळ खुर्चीत पांढऱ्या मिशांचे वॉर्डन. शमुवेलची ट्रंक व्हरांड्यात होती, कुलपासकट. आम्हाला बघून तो उठला आणि हात पुसायला काही सापडेना म्हणून तसाच उभा राहिला. गयाबाईने आपला डोळा कसा आहे ते त्याने न विचारताच सांगितलं. दिगंबररावांनी घसा साफ केला. पारावर ते बोलतात त्याच आवाजात ते बोलले.

"आमी निरोप द्यायला आलो. तेवढं राहून गेलं होतं."

शमुवेल म्हणाला, "मी तं आता इथंच हाव जी. कुठं जायचा निरोप?"

"गावाला जायचा," गयाबाई म्हणाली.

दिगंबररावांनी त्याला टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. पारावरचं तुमचं भाषण अर्धं राहिलंय, आठ वर्षं ऐकायचं राहून गेलं, असंही ते म्हणाले. शमुवेल खाली बसला आणि उघडा पडलेला हापसा जोडू लागला. त्याला पाऊण तास लागला. तोवर आम्ही थांबलो.

निघताना वॉर्डननी फाटकाजवळ हात आडवा केला. आत जाऊन ते एक वही घेऊन आले. एकतीस वर्षांच्या माणसाला हे कशाला, असं दिगंबरराव म्हणाले. इथून कुणी सहीशिवाय जात नाही, वॉर्डन म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पहिल्या रकान्यात नाव लिहिलं. दुसऱ्या रकान्यात गयाबाईचं नाव मी लिहिलं. नात्याच्या रकान्यावर माझं पेन थांबलं. गयाबाईने जरा विचार केला.

"लिवा, घरमालकीन," ती म्हणाली.

मी लिहिलं. तिने अंगठा उठवला. वॉर्डननी फुंकर मारून शाई वाळवली आणि फाटक उघडलं.

संस्थेनेही पुढे वाट काढली. दर वर्षी तीन महिन्यांसाठी नवी मुलं निघत, त्यांना हापशाचं काम शिकवायला माणूस हवा होता. ती मुलं आता आधी आमच्या गावात येतात. शमुवेल त्यांना घ्यायला वारंगा फाट्यावर जातो आणि पहिल्या दिवशी त्यांच्या चपला बघतो. चामड्याच्या असतील तर खूश होतो. मिझोरामहून आलेला एक मुलगा महिन्याभरात व्हय-न्हाई बोलायला लागला आणि गयाबाईकडून तांदूळ निवडायला शिकला. पारावरचं भाषण शमुवेलने आल्यावर त्याच महिन्यात केलं. सव्वा तास चाललं. दिगंबरराव शेवटपर्यंत बसले आणि नंतर म्हणाले, आवाज बरा आहे.

मुलांची मुदत संपली की पंचायतीसमोर निरोप होतो. पहिल्या सात मुलांना दिलेले टॉवेल आणि टोप्या शमुवेलच्या ट्रंकेतल्या होत्या, घडी न मोडलेल्या. त्यानंतर पंचायत नवे आणू लागली. ट्रंकेत आता वायसर आणि हापसा खोलायचे पाने असतात.

बोर्डिंगच्या अंगणात मिळालेला आठवा टॉवेल त्याने कुणाला दिला नाही. तो खोलीत दाराच्या आतल्या बाजूला, खुंटीवर आहे. खुंटी त्याने स्वतः ठोकली.