द्वारपालाचं सुतक

हणमंतअण्णांनी टीव्हीवरच्या एका द्वारपालाचं सुतक पाळलं, हे मी आधीच सांगून टाकते. नंतर सांगितलं तर तुम्ही म्हणाल, ही बाई काहीही ठोकून देते. माझा स्वतःचा अजून त्यावर धड विश्वास बसलेला नाही, आणि मी तर डोळ्यांनी बघितलंय.

राजाजीनगरात अण्णांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहतो. मी पुण्याची, नवरा नाशिकचा, दोघंही सरकारी संशोधन संस्थेत चिकटलेलो. अण्णांचं घराणं मात्र पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मराठी बोलतात, पण त्यात 'अय्यो' आणि 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' असं इथलं कानडी मुरलंय की ते शब्द मराठी नाहीत असं सांगितलं तर त्यांना राग येतो. कारखान्यातून निवृत्त झालेले, बायको जाऊन काही वर्षं झालेली, मूलबाळ नाही.

आम्ही राहायला आलो आणि हौसेनं सत्यनारायण घातला. अण्णांना बोलवायला गेले, तर त्यांनी दारातूनच दोन्ही हात हलवले.

"आत येऊ नको, पोरी. सुतक आहे."

"अगंबाई! कोण गेलं?"

"आमचाच एक. काल संध्याकाळी. उभ्याउभ्या गेला."

आता अशा घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलंभात न्यायचा असतो, एवढं वळण मला आहे. पूजेच्या धांदलीत मी पिठलं घोटलं. नवऱ्याला सोवळं सोडून सदरा चढवायला लावला, आणि आम्ही दोघं पडेल चेहऱ्यानं खाली गेलो. अण्णा ओल्या केसांनी बसले होते. देवापाशी दिवा नव्हता. पिठलं त्यांनी मान खाली घालून खाल्लं, आणि दुसऱ्यांदाही घेतलं.

"वय काय होतं हो?" नवऱ्यानं हळूच विचारलं.

"असेल पस्तीस. दाढी लावायचा, म्हणून थोराड दिसायचा."

"काय करायचे?"

"दारावर उभा असायचा."

"सिक्युरिटीत?"

"होय की. राजाकडं."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "शत्रूचा बाण इथं, गळ्यात घुसला. आणि राजानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही! पुढच्या सीनला राणीबरोबर हसतोय! आईबाप तरी दाखवायचे की त्याचे. कुणी रडलं नाही. मग म्हटलं, आपण तरी धरावं."

मी थिजले. भर कामात घोटलेलं पिठलं एका मालिकेतल्या भालेवाल्याच्या नावानं गेलं होतं! वर पूजेला गुरुजी खोळंबले होते ते वेगळंच. जिना चढताना नवरा हसत सुटला आणि मी त्याच्यावर उखडले. माणूस वेडा आहे, आपण दुसरं घर बघू, असं मी त्या दिवशी ठणकावून सांगितलं.

घर बघितलं नाही. उलट रोज संध्याकाळी चहा घेऊन मी खाली जायला लागले, कारण अण्णांच्या शेजारी बसून ती मालिका बघणं हा प्रकारच निराळा. शिवभक्त राजाची मालिका. चमत्कार, शंखनाद, राजाचे पल्लेदार संवाद. अण्णांचं त्यात शून्य लक्ष. "राजाकडं बघायला सगळं जग आहे," म्हणायचे, आणि बोट पडद्याच्या कोपऱ्यावर. "ती चवरी ढाळणारी बघ. दमली. हात बदलला!" इकडे राजाला शिवदर्शन होतंय, मी हात जोडलेत, आणि हे म्हणतात, "अय्यो, पुजाऱ्याच्या पोराला शिंक आली बघ, गिळली त्यानं. शाणा आहे." एकदा पट्टराणी प्राण सोडत होती तेव्हा अण्णा टाळ्या वाजवत होते. का, तर समई धरलेल्या दासीला आज पहिल्यांदा नवं लुगडं मिळालं होतं. मी दचकून कपातला चहा मांडीवर सांडला.

त्या सगळ्यांत लाडका तो मेलेला द्वारपाल. का, ते मला कळलं तेव्हा मी पुन्हा चाट पडले. "उजवा पाय पुरता टेकत नव्हता तो," अण्णा म्हणाले. "सगळा भार डाव्यावर. भाला हातात म्हणून खपून जायचं. तासन्‌तास उभं करत असतील. कुणी स्टूल द्यायला नको?"

मग एका संध्याकाळी खालून आमच्या जमिनीवर झाडूच्या दांड्याचे ठोके बसायला लागले. मला वाटलं, म्हाताऱ्याला झटका आला. धापा टाकत खाली गेले, तर अण्णा टीव्हीपुढे उभे, डोळ्यांत पाणी.

"जिवंत आहे! अगं, जिवंत आहे तो!"

शत्रूच्या दरबारात, मोठ्या मिशा लावून, हातात तोच भाला, एक माणूस उभा होता. उजवा पाय अर्धवट उचललेला. काटकसर म्हणून मालिकावाल्यांनी मेलेल्याला शत्रूकडे नोकरी दिली होती, आणि साऱ्या प्रेक्षकांत हे एका अण्णांना दिसलं होतं. त्यांनी गल्लीभर मैसूरपाक वाटला. कशाबद्दल, असं विचारणाऱ्याला "घरातला माणूस परत आला" एवढंच सांगितलं. लोकांनी माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

पण आनंद फार टिकला नाही. "पायाचं दुखणं वाढलंय त्याचं," अण्णा म्हणायला लागले. "आता बोटंच टेकवतो." जेवणावरची वासना उडाली. त्या माणसाला गाठायचं आणि पाय दाखव म्हणून सांगायचं, हा एकच ध्यास. आणि नेमकं आमच्या मराठी मंडळानं गणेशोत्सवाला पाहुणा बोलावला तो त्या मालिकेतला राजा!

रविवारची दुपार, सभागृह गच्च. बायका नटूनथटून, फोन उगारून. पाहुण्यांना प्रश्न विचारा म्हटल्यावर पहिला हात अण्णांचा. मी मनात म्हटलं, झालं!

"तुमच्या मागं भाला घेऊन उभा असायचा, त्याचं नाव काय?"

राजा हसला. "कोण, काका?"

"बाण लागून मेला, मग शत्रूकडं गेला तो."

सभागृह खदखदलं. मंडळाचे सचिव माइक काढून घ्यायला धावले. अण्णांनी माइक सोडला नाही. "वर्षभर उभा होता की तुमच्या मागं. त्याचा उजवा पाय दुखतो. तुम्हाला दिसलं नाही?"

"कसं दिसणार, काका?" तो पोरगा सरळपणानं म्हणाला. "माझी पाठ असायची ना त्याच्याकडे."

अण्णांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी माइक मुकाट देऊन टाकला आणि ते खुर्चीत बसले. अंगातलं रक्त कुणी काढून घ्यावं तसे पांढरे पडले होते. आता मात्र मी घाबरले.

तो नट मनानं चांगला निघाला. कार्यक्रम संपल्यावर स्वतः आला, इकडेतिकडे फोन फिरवले आणि पडद्यामागच्या कुणाकडून तरी त्या माणसाला गाठून फोन अण्णांच्या हातात दिला. माणसाचं नाव प्रकाश.

"पाय कसा आहे, बाबा?" अण्णांनी फोन कानाला लावताच विचारलं.

पलीकडून आवाज आला, "टाच दुखते, काका. हाडाला काटा वाढला असावा. पण तुम्हाला कसं कळलं? माझ्या घरच्यांनापण मी बोललो नाही."

"आज दाखव डॉक्टरला. आणि स्टूल मागून घे. लाजू नको." राजा शेजारी उभा होता, तो म्हणाला, "मी देववतो, काका." अण्णांनी मान हलवली आणि फोन परत दिला.

मला वाटलं, जिंकलं म्हाताऱ्यानं! आता वाटेत मैसूरपाक घेणार. पण ते तडक ऑटोत जाऊन बसले. रस्ता तुंबला होता, ऑटो जागच्या जागी गुरगुरत होती.

"आमची अक्का," ते एकदम म्हणाले. बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणायची, तेही तेच म्हणायचे. "तिला अशा मालिका फार आवडायच्या. रोज बघायची. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, हातात उलथनं घेऊन. मी पुढं खुर्चीत."

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"ये, बस, असं एकदासुद्धा म्हटलं नाही मी. सुचलंच नाही गं. ती गेल्यावर टीव्ही बंदच होता. मग एक दिवस लावला, आणि तो दारात उभा दिसला. एक पाय उचलून."

ऑटो जरा पुढे सरकली, परत थांबली.

"शेवटी तिला दवाखान्यात नेलं तर पाय हा एवढा सुजलेला. डॉक्टरांनी मला विचारलं, कधीपासून आहे हे? मला सांगता येईना. मी आपला तिच्या तोंडाकडं बघतोय. तर तीच म्हणाली, कालपासून, डॉक्टर. स्वल्पच आहे."

एवढं बोलून अण्णा ऑटोत, भर रहदारीत, लहान मुलासारखे रडायला लागले. मी त्यांचा हात घट्ट धरला. मलाही रडू आवरेना.

"कालपासून नव्हतं ते, पोरी," ते म्हणाले. "माझी लाज राखली तिनं."