समोरच्या दुकानातला भाव

कमलमावशींना वांगी घ्यायची असली की त्या फुलकोबीचा भाव विचारतात. कोबीचा झाला की भेंडीचा, भेंडीचा झाला की मिरचीचा. भाजीवाला बेजार होऊन तोंड फिरवतो, तेव्हा मावशी जाता जाता म्हणतात, "आन ही वांगी काय अशीच पडलीत का रे?" तो कंटाळून काहीतरी भाव सांगून टाकतो आणि मावशी पिशवी पुढे करतात. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "बाई, आपण वांग्यासाठी आलोय हे वांग्याला कळू द्यायचं न्हाई. लगेच भाव खातंय ते."

परभणीत आमच्या भिंतीला भिंत लागून त्या वीस-बावीस वर्षं राहतात. मूळच्या पालमच्या. नवरा एसटीत ड्रायव्हर होता, तो लवकर गेला. मूलबाळ नाही. अंगणवाडीत नोकरी केली, आता घरीच असतात. मी शाळेत शिकवते म्हणून मला 'बाई' म्हणतात. मी शाळेत गेले की माझी स्नेहल त्यांच्याजवळ असायची, आधी अंगणवाडीत आणि नंतर त्यांच्या ओट्यावर. पोरगी बोलायला लागली तेव्हा 'आई'नंतरचा शब्द 'महाग' होता, असं आमचे हे अजून सगळ्यांना सांगतात.

दोन साबणांवर एक फुकट असली पाटी दिसली की मावशी आधी आजूबाजूच्या बायका हेरतात. एकटीला तीन वड्या कशाला लागतात? मग अनोळखी दोघींना धरून तिथंच भागी करायची, एकेक वडी वाटून घ्यायची, आणि निघेपर्यंत कुणाची सून बाळंत झाली, कुणाचे गुडघे धरलेत, सगळं माहीत करून घ्यायचं. अर्ध्या परभणीशी त्यांची ओळख अशी साबणातून आणि चहापत्तीतून झालेली आहे. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई तर आमची गल्ली सोडून मागच्या गल्लीने जाते. मावशींनी तिला विरलेल्या दोन लुगड्यांत झाकणासकट पातेलं द्यायला लावलं होतं, आणि वर पाणी पाजून पाठवलं होतं.

बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं आणि मावशींना पंख फुटले. ज्वारी आणायला राणीसावरगाव, तूर आणायला पालम. पाच किलो ज्वारीसाठी अख्खा दिवस गेला, वर चहा-भज्यांचा खर्च झाला, असं मी म्हटलं की त्या माझ्याकडे दयेने बघतात. अर्धं तिकीट वाचलं ते कुणाचं, असं त्यांचं म्हणणं. घरी बसून राहिलं तर तेवढं नुकसानच की! स्नेहलने त्यांना मोबाईलवरून साडी मागवून दाखवली, तेव्हा त्यांनी पडदा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ह्यातला माणूस बोलत न्हाई. मग घासाघीस कुणाशी करायची?"

पण मावशींचं खरं राज्य बस्त्यात. आमच्याकडे लग्नाचे कपडे दोन्हीकडची मंडळी मिळून एका दुकानात बसून घेतात, त्याला बस्ता फाडणं म्हणतात. गल्लीतला एकही बस्ता मावशींशिवाय फाटत नाही. गादीवर मांडी घालून बसल्या की शेठजींचा चेहराच उतरतो. शेठजी कापडाचं कौतुक करायला लागले की मावशी म्हणतात, "मी भाव इचारायले, तू गोष्ट सांगायलास."

त्यांचा हुकमी डाव मात्र वेगळा. नवरीची साडी पसंत झाली की सवाष्णी त्या साडीला हळदीकुंकू लावतात आणि मग बाकीची खरेदी. नेमक्या त्या वेळी मावशी उठायच्या, "समोरच्या दुकानात भाव बघून येते" म्हणायच्या आणि चपला घालून चालू पडायच्या. गिऱ्हाईक हातचं जातंय की काय, या धास्तीने शेठजी पाणी मागवायचे. मावशी परत येईपर्यंत ते मऊ झालेले असायचे. काय डोकं आहे बाईचं, असं आम्ही सगळ्याजणी म्हणायचो. माझ्या जावेने तर हा डाव उचलला आणि ऐन हळदीकुंकवाला उठून सासूच्या शिव्या खाल्ल्या.

यंदा स्नेहलचं लग्न ठरलं. बस्त्याच्या दिवशी मावशी आमच्याआधी तयार होऊन दारात उभ्या. नवरीची साडी त्यांनीच निवडली, मोरपंखी. पदर स्नेहलच्या खांद्यावर टाकून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग हळदीकुंकवाचं ताट आलं, आणि त्या उठल्या.

त्यांची पिशवी गादीवरच राहिली होती, म्हणून मी मागोमाग गेले. समोर बघते तर कापडाचं दुकानच नव्हतं. खताचं आणि बियाण्यांचं दुकान होतं. तिथं युरियाच्या पोत्यांशेजारी एका स्टुलावर मावशी बसल्या होत्या, अंगावरची नवी साडी गुडघ्यांवर सावरून.

"मावशी, इथं कशाचा भाव बघायलात?"

त्यांनी पिशवी घेतली. ती मांडीवर ठेवून म्हणाल्या, "तिकडं हळदीकुंकू होऊ दे बाई, मग येते. माझी सावलीबी नको. पोरीला उद्या काय कमीजास्त झालं, तर मलाच जल्मभर वाटत राहील."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. किती बस्त्यांत मी ह्याच हातांनी कुंकू लावलं होतं, आणि त्या उठून जातात तेव्हा मनातल्या मनात हसले होते.

मी परत जाऊन स्नेहलच्या कानात सांगितलं. ती तशीच अनवाणी रस्ता ओलांडून गेली आणि मावशींना हाताला धरून घेऊन आली. सगळ्यांसमोर म्हणाली, "पहिलं बोट मावशीचं. तोवर साडीला कुणी हात लावायचा न्हाई."

मी विहीणबाईंच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी आपली मांडी सरकवून जागा केली आणि ताट मावशींपुढे ठेवलं. "बसा," म्हणाल्या, "पोरगी तुमीच वाढवली म्हणं."

मावशींनी कुंकवात बोट बुडवून उचललं आणि थोडं कुंकू साडीच्या काठावर सांडलं. शेठजी दुसरी साडी काढायला लागले, तर स्नेहलने हीच पाहिजे म्हणून पदर ओढून घेतला. मग मावशी डोळे पुसत पुसत भावाला बसल्या. रडणाऱ्या बाईशी घासाघीस कशी करायची ते शेठजींना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी उतरला तेवढा भाव आमच्या गल्लीत कुणाच्याच बस्त्यात कधी उतरला नाही.

परत येताना आम्ही एकाच रिक्षात दाटीवाटीने बसलो. मी पिशव्या धरायला मागितल्या, तर मावशींनी दिल्या नाहीत. सगळ्या डाव्या हातात अडकवून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता, आणि घर येईपर्यंत त्यांनी कुंकवाचं बोट कशालाही टेकू दिलं नाही.