फ्रिजशी बोलणारे आबा

लग्नानंतर तीन वर्षं माझे सासरे माझ्याशी एक शब्दही बोलले नव्हते. रागावलेले वगैरे मुळीच नव्हते. ते फ्रिजशी बोलायचे.

"फ्रिजभाऊ, घरमां सांगी दे, मन्हं पोट भरेल शे. आते पोळी नको."

मी पोळी हातात घेऊन त्यांच्यापासून दोन पावलांवर उभी. फ्रिज स्वयंपाकघराच्या पार कोपऱ्यात. तरी निरोप फ्रिजलाच.

आबांचं गाव चोपड्याच्या अलीकडे, केळीच्या बागांमधलं. सासऱ्याने सुनेशी थेट बोलायचं नाही, अशी त्यांच्या घरातली जुनी रीत. गावातल्या बाकी घरांनी ती केव्हाच सोडून दिली होती. आबांनी मात्र ती नेमाने पाळली. अडचण एवढीच होती, की त्यांना बोलायची हौस दांडगी. त्यामुळे मधे कुणीतरी लागायचं. दुधाची किटली, टीव्हीचा रिमोट, दाराची कडी, काहीच नसलं तर शेजारचं मांजर.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी पहिल्यांदा हे ऐकलं. आबा जेवता जेवता कुकरकडे बघून म्हणाले, "कुकरभाऊ, भाजी बेस व्हयनी. मीठ तेवढं कमी शे." मी घाबरून नवऱ्याला, प्रशांतला, बाजूला घेतलं. तो पोट धरून हसला. "अगं, तुझ्याशीच बोलताहेत. उत्तर दे."

"काय उत्तर देऊ?"

"मला काय विचारतेस? कुकरला दे."

मग मीही शिकले. "कुकरदादा, आबांना सांग, उद्या बरोबर टाकते." आबांच्या मिशीत हसू फुटलं. आमचं जमलं ते तेव्हापासून.

मी धुळ्याला देवपुरात राहते, शाळेत इतिहास शिकवते. प्रशांत रेल्वेच्या विजेच्या कामावर पार ओडिशात. मला दिवस गेले, तेव्हा ठरलं होतं की सातव्या महिन्यात पहूरला माहेरी जायचं. पण नेमकी त्याच सुमारास माझी आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तिचंच करायला माणूस हवं, ती माझं काय करणार? फोनवर दोघी रडलो. प्रशांतला बाळंतपणाच्या वेळचीच रजा मंजूर होती. आता काय करायचं, या विचारात मी असताना दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. दारात आबा. खांद्यावर केळीचा अख्खा घड, हातात पिशवी.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दाराच्या चौकटीला म्हणाले, "दारभाऊ, सांगी ठेव. मी आते अठेच ऱ्हासू."

आणि राहिले.

आल्या आल्या त्यांनी औषधांचा ताबा घेतला. सकाळी चहा घेताना टेबलावरच्या गोळ्यांच्या पाकिटाची विचारपूस सुरू व्हायची. "का वं गोई, आज तुले कोनी खाधं नही का?" लोहाच्या गोळ्यांना ते 'लोखंडन्या गोया' म्हणायचे आणि त्या घेतल्यावर मी पाण्याचा आख्खा पेला संपवेपर्यंत खिडकीशी हवापाण्याच्या गप्पा मारत उभे राहायचे. मला डाळिंब आवडत नाही. ते डाळिंब सोलून ठेवायचे आणि बशीला सांगायचे, "बशीताई, मी काय कोनले आग्रह करत नही." मग बशी रिकामी होईपर्यंत जागचे हलायचे नाहीत, आणि झाली की तिलाच "आखो?" विचारून आणखी दाणे टाकायचे.

आमच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा दुपारी गरोदर बायांसाठी वर्ग असायचा. शैला सिस्टर घ्यायच्या. उंच, खणखणीत आवाजाच्या. त्यांचा नियम असा, की प्रत्येकीने घरचं एक माणूस सोबत आणायचं, आणि जमलं तर नवराच. मी आबांना काहीच बोलले नव्हते. प्रशांतने फोनवर सांगितलं असावं. वर्गाच्या दिवशी आबा धुतलेला सदरा, पांढरी टोपी आणि खांद्यावर टॉवेल अशा थाटात दाराशी तयार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर्गात कुणाच्या आया, कुणाच्या सासवा, चार-दोन तरुण नवरे मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले. आबा सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसले.

सिस्टरनी विचारलं, "आबा, तुम्ही कोणाबरोबर?"

"बाई, मन्हा आंडोर, हिना नवरा, दूर शे," आबा म्हणाले. सिस्टरशी बोलायला त्यांना कुणी मधे लागत नव्हतं. "घरना माणूस मीच शे."

त्या दिवशी कळा यायला लागल्यावर सोबतच्या माणसाने काय करायचं, ते शिकवणं चाललं होतं. "आता बाईच्या कमरेवर, पाठीवर असं हळूहळू चोळायचं," सिस्टर म्हणाल्या. बाकीचे उठले. आबा कानापर्यंत लाल झाले. मी मान खाली घालून बसले. मग आबा उठले, माझ्या मागे आले आणि अत्यंत मन लावून माझ्या खुर्चीची पाठ चोळू लागले. वरून खाली, खालून वर. खुर्चीला केवढा आराम पडला असेल! अख्खा वर्ग तोंडाला पदर लावून हसत होता. सिस्टरनी जवळ येऊन पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "चालेल. हात बरोबर फिरतोय."

श्वासाचा सराव मात्र आबांनी गाजवला. नाकाने आत, तोंडाने लांब फुंकर बाहेर. आबांच्या फुंकरीने समोरचं कॅलेंडर हलायचं. घरीही तेच. क्रिकेटची मॅच बघताना आपली विकेट पडली, की हे डोळे मिटून "फूऽऽ" करत बसायचे. वर्गात बाळ म्हणून एक प्लॅस्टिकची बाहुली हातात द्यायचे, ती आबांनी केळीच्या घडासारखी एका झटक्यात खांद्यावर टाकली. "आबा," सिस्टर ओरडल्या, "गाडीत नाही भरायचं तिला!"

एका वर्गात सिस्टरनी धोक्याच्या खुणा सांगितल्या. डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक येणं, तोंडावर-हातांवर सूज, रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं. "यातलं काहीही झालं, तर बघू संध्याकाळपर्यंत, असं करायचं नाही. निघायचं."

आबांनी यातला 'निघायचं' हा शब्द उचलला. बाकीचं त्यांच्या दृष्टीने तपशिलाचं होतं.

मला एकदा दुपारी उचकी लागली. "घड्याळभाऊ, इतली उचकी बरी नही. चाल दवाखानामां." गेलो. एकदा मी शाळेतून आल्यावर जरा गप्प होते, कारण नववीच्या पोरांनी डोकं खाल्लं होतं. गेलो. एकदा बाळ पोटात बराच वेळ हललं नाही, असं आबांना वाटलं. त्यांना कसं कळलं, कोण जाणे. मी स्वतः पोटावर हात ठेवून बसले, तर मलाही शंका यायला लागली. गेलो. तपासायच्या टेबलावर आडवी झाले आणि बाळाने अशी लाथ मारली, की डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे तर कवायत करतंय!" पुढे पुढे आबांची टोपी लांबून दिसली, की दवाखान्याचा वॉचमन आपणहून फाटक उघडायला लागला.

मला फार लाज वाटायची. एकदा मी डॉक्टरबाईंची माफीही मागितली. त्या म्हणाल्या, "मीना, उगाच आलेल्या पेशंटला घरी परत पाठवायला मला फार आवडतं. येत जा."

आठव्या महिन्यातली गोष्ट. रविवार होता. सकाळपासून माझं डोकं ठणकत होतं. उन्हाने असेल म्हणून मी बाम चोळून पडून राहिले. पायांना सूज होती, पण ती आताशा असायचीच. दुपारी पाणी प्यायला उठले तर डोळ्यांपुढे काजव्यांसारखं काहीतरी चमकायला लागलं. भिंत धरत बाहेरच्या खोलीत आले. आबा टीव्ही बघत होते. सवयीने मी टीव्हीलाच म्हणाले, "आबांना सांग, डोकं फार दुखतंय. समोर चमकतंय काहीतरी."

आबांनी टीव्हीकडे पाहिलंच नाही. ते उठून सरळ माझ्यासमोर आले. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून ते बोलले.

"मीना, खाले बस."

मी बसले.

"सकायपासून दुखस का?"

"हो."

"माले कसं नही सांगं?" असं म्हणेपर्यंत त्यांनी पायात चपला घातल्या होत्या. "बस, हालू नको. मी रिक्षा लयस."

रिक्षात त्यांनी माझा हात धरला होता. केळीच्या बागेत आयुष्य गेलेला, खरखरीत, मोठा हात. रस्त्यात ते मला एकच सांगत होते, "फूऽऽ कर. मीना, फूऽऽ कर." मी करत होते. त्याने डोकं उतरलं नाही, पण भीती जरा उतरली.

वॉचमनने फाटक उघडलं. शैला सिस्टर ड्युटीवर होत्या. आम्हाला बघून त्या नेहमीसारख्या हसल्या आणि माझा चेहरा बघून हसायच्या थांबल्या. रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला, लघवी तपासली. डॉक्टरबाई घरून आल्या. दाब फारच चढला होता. झटके येऊ शकतात म्हणाल्या, मला आणि बाळाला, दोघांना धोका. हाताला सलाईन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली. आबा दाराशी उभे. डॉक्टरबाईंनी त्यांना आत बोलावलं.

"आबा, दाब खाली आणायचं औषध दिलंय. पण बाळ लवकर बाहेर काढावं लागेल. घाबरू नका. वेळेवर आणलंत."

"उगाच नही ना ऊनू?" आबांनी विचारलं.

"नाही आबा. आज उगाच नाही आलात."

हे ऐकल्यावर मात्र आबा मटकन खाली बसले. सिस्टरना एका हाताने माझं सलाईन आणि दुसऱ्याने आबा सांभाळावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिझेरियन झालं. मुलगी. एवढीशी, मूठभर, पण रडली अशी, की बाहेर आबांना ऐकू गेली. लहान म्हणून तिला काही दिवस उबेच्या पेटीत ठेवावं लागणार होतं. बाकी सगळं ठीक होतं. माझा दाबही हळूहळू उतरला. डॉक्टरबाई संध्याकाळी येऊन म्हणाल्या, "आता झोप शांत," आणि मी किती दिवसांनी तरी खरंच शांत झोपले.

आबांनी गावाकडे फोन केला होता. पेढे नाहीत, बर्फी नाही, एक छोटा टेम्पो केळी आली. डॉक्टर, सिस्टर, आया, सफाईवाल्या मावश्या, वॉर्डातल्या सगळ्या बाळंतिणींचे नातेवाईक, सगळ्यांच्या हातात केळी. वॉचमनला तर अख्खा घड दिला. दोन दिवस दवाखान्यात केळीच्या सालीवरून कुणी पडू नये, म्हणून शैला सिस्टर सगळ्यांना दरडावत फिरत होत्या.

प्रशांत गाड्या बदलत बदलत तिसऱ्या दिवशी पोचला. आला तो थेट मुलीला बघायला काचेपाशी गेला. वॉर्डात दुपारची सामसूम होती. माझ्या खाटेशेजारी स्टुलावर बसून आबा मोसंबी सोलत होते. फोडीवरचा पांढरा धागान् धागा काढत होते.

मी विचारलं, "आबा, तुम्ही माझ्यासाठी एवढं घाबरायचात का हो? उचकी लागली तरी?"

मला वाटलं, आता स्टुलाला काहीतरी सांगतील.

"प्रशांतना येले, तो पोटमां व्हता तवय," ते मोसंबीवरून नजर न काढता म्हणाले, "तुन्ही सासू पाणीना हंडा लई मन्हा समोरथून जाये. ओटावर मन्हा बाप बठेल राहे. मन्हा मनमां ये, हिले इचारू, तुले कसं वाटस. शब्द तोंडवर ये, अनि फिरी जाये."

माझ्या सासूबाईंना मी पाहिलेलं नाही. माझ्या लग्नाच्या आधीच त्या गेल्या.

"मंग पोऱ्या व्हयना. काम वाढनं. इचारानं ऱ्हायीच गयं." आबांनी फोडी बशीत ओळीने मांडल्या. "ती कधी बोलनी नही. मी कधी इचारं नही. चाळीस वरीस संसार व्हयना आमना."

वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला कुणाचंतरी बाळ कुरकुरलं आणि गप्प झालं. आबांनी बशी माझ्या हातात दिली. मग गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत पाठांतर म्हणून दाखवणाऱ्या मुलासारखे जरा सावरून बसले आणि माझ्याकडे बघून विचारलं,

"मीना, तुले कसं वाटस?"

"बरं वाटतंय" म्हणणार होते. पण त्यांचा चेहरा बघितला आणि मग सगळंच सांगितलं. टाके कसे ओढतात, खोकला आला की कसा जीव जातो, रात्री झोपेत पोटावर हात गेला आणि पोट रिकामं लागल्यावर कशी दचकले, मुलीला अजून छातीशी घेता आलं नाही म्हणून सकाळी कशी रडले, आणि रिक्षात किती भीती वाटली होती. मी बोलत होते आणि आबा एकेका वाक्याला मान हलवत ऐकत होते. त्यांचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर मात्र कितीतरी वर्षांचं ओझं उतरल्यासारखी स्वस्थता होती.

मी दमून थांबले. एक फोड तोंडात टाकली.

आबा जरा वाट पाहून पुढे झुकले. अगदी हळू आवाजात म्हणाले,

"आखो? आखो सांग."