मान उभी हलविल्याची मोहीम, मुक्काम रूसे

वाग्देवतेस नमन करून, आणि ज्यांनी ज्यांनी म्हणून भिकार कादंबरी अखेरच्या पानापावेतो नेटाने वाचिली त्या समस्त वीरांस मुजरा करून, डॅन्यूबतीरी रूसे शहरी जो घोर प्रसंग गुदरला त्याची हकीकत लिहितो. पदरचे काही घालणार नाही. घातलेच तर शोभेपुरते.

रूसे शहर नावाप्रमाणेच रुसवेखोर. तेथे राजमान्य राजश्री रालित्साबाई, पेशा शाळेत भूगोल शिकविणे, आणि त्यांचे बाळपणीचे स्नेही ओग्न्यानराव, पेशा पियानो सुरात लावणे, या उभयतांनी पाच वर्षांपासून पॉडकास्ट मांडिला होता. आणि दर शनिवारी बाईंचे स्वयंपाकघरी दरबार भरावा, आणि जी कादंबरी मुलखात टाकाऊ म्हणून नामांकित असेल तिचे एकेक प्रकरण वाचून तिची यथास्थित धिंड काढावी, आणि मग ती चेष्टा ऐकून श्रोत्यांची घरोघर मुरकुंडी वळावी, ऐसा शिरस्ता होता.

साल मजकुरी 'लॉर्डाची लाडकी' या ग्रंथावर स्वारी केली. ग्रंथकर्त्या वासिल्काबाई, शहरातील निवृत्त दंतवैद्य. दात उपटण्यात हातखंडा, परंतु आपल्या लेखनातील विशेषण त्यांच्याने एकही उपटवले नाही. तीस प्रकरणे सहज सर जाहली. एकतिसाव्यात नायिकेने विलायतेच्या लॉर्डास लग्नाचे पुसिले, आणि लॉर्डाने 'मान खालीवर हलविली', आणि मग काही एक न बोलता गलबतात बसून निघून गेला.

येथेच घात जाहला. बल्गेरी मुलखी मान आडवी हलली तर होकार आणि उभी हलली तर नकार. विलायतेत याचे नेमके उलट.

"संपलं! नाही म्हणाला तो," ओग्न्यानराव खुशीत म्हणाले.

"अरे गाढवा, तो इंग्रज आहे. हो म्हणाला!"

"इंग्रज कसला? जन्मला वासिल्काबाईंच्या दवाखान्यात, इथे रूसेत!"

"तुला साधी मान कळेना, आणि निघालाय पुस्तकांना हसायला!"

मग शब्दास शब्द भिडला, आणि बाईंचे तोंडून नको ते निघाले: "जा मग! तुझ्यावाचून काही अडत नाही माझं."

ओग्न्यानरावांनी माइक, जो उभयतांचा सारा तोफखाना, काखोटीस मारिला आणि कूच केले. नको ते बोलणे ध्वनिमुद्रणातून कापण्याची कामगिरी त्यांजकडेच असे. ते वाक्य त्यांनी मुद्दाम कापिले नाही. मग काय विचारता! श्रोत्यांत होकारी आणि नकारी ऐशा दोन फौजा उभ्या राहिल्या, आणि बाजारातील फुलवालीने नकारी गिऱ्हाइकास ट्युलिप विकणे बंद केले.

पुढील शनिवारी बाईंनी बत्तिसावे प्रकरण एकटीने, फ्रिजपुढे बसून वाचिले. लॉर्डाचे डोळे 'दोन निळ्या बशा' असल्याचे वाक्य आले. ऐसे वाक्य वर्षात एखादेच हाती लागते. पण समोर कोणी फिदीफिदी हसेना, सबब बाईंसही हसू फुटेना. ओग्न्यान हसतो म्हणून आपण हसत होतो हे त्यांस तेव्हा उमगले.

मग मसलत करून, पनीर भरलेली गरम बनित्सा नजराणा घेऊन, बाई खुद्द वासिल्काबाईंचे दारी गेल्या. शिव्या बसतील ही धास्ती होती. घडले भलतेच.

"अगं ये! तुमचा एक भाग चुकवत नाही मी. माझ्या नवऱ्यानंसुद्धा पुस्तक इतक्या बारकाईनं वाचलं नाही गं."

"पण लॉर्ड काय म्हणाला, हो की नाही?"

"कुणास ठाऊक! मला वाटतं त्याची कॉलर टोचत होती." मग बनित्साचा तुकडा मोडून त्यांनी फर्मावले की लॉर्डास खड्ड्यात घालावे, आणि जे पुसायचे ते ओग्न्यानास पुसावे.

तेव्हा बाई निघाल्या, आणि लिफ्ट बंद सबब चार मजले चढून गेल्या, आणि पाहतात तो ओग्न्यानराव बाल्कनीत लाल मिरच्या भाजत उभे. धाप लागलेली, तशातच बाई बोलून गेल्या, "चुकलं माझं. तुझ्यावाचून अडतं रे. फार अडतं. येतोस परत?"

ओग्न्यानरावांनी एक शब्द न काढिता मान हलविली. उभी. सावकाश, तीन वेळा.

बाईंनी पाठ फिरविली आणि जिना उतरू लागल्या, आणि तिसऱ्या मजल्यावर रडू कोसळले ते आवरेना. इतक्यात वरून सपातांचा फटफटाट आला.

"अगं ए! थांब! चाललीस कुठं?"

"तूच नाही म्हणालास ना!"

"अगं, इंग्रजी मान हलवली मी! तुझी! शरण आलो ना तुला!"

"मला काय माहीत? मान उभी हलली म्हणजे नाहीच की!"

बोलून गेल्या, आणि आपण काय बोललो हे कळून बाईंनी जीभ चाविली. मग उभयतां पायरीवर बसून ऐसे हसले की मजल्यावरील सारी दारे उघडली, आणि वर मिरच्या करपून कोळसा जाहल्या.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. ओग्न्यानरावांनी शरण येऊन वाद जिंकिला, बाईंनी वाद घालवून ओग्न्यान जिंकिला. शनिवारी माइक पूर्वस्थळी आला. बाईंनी श्रोत्यांसमक्ष पुसिले, "मग, लॉर्ड काय म्हणाला?" ओग्न्यानरावांनी उत्तरादाखल मान हलविली. ती उभी की आडवी, हे पॉडकास्टात कोणास दिसणार? दोघांचे हसणे तेवढे ऐकू आले, आणि फुलवालीने त्याच दिवशी सर्वांस ट्युलिप दिले. सदर हकीकत खरी. खाली शिक्क्याचे जागी करपल्या मिरचीचा डाग असे.