ढवळ्यांचा ळ

आमच्या ऑफिसातले ढवळे लग्नपत्रिका लाल पेनाने तपासतात. पाकिटावर 'श्री. ढवले' दिसलं की 'ल' खोडून 'ळ' करतात, त्याचा फोटो यजमानांना पाठवतात आणि मगच आहेराचा विचार करतात. हिंदी बोलणाऱ्या रायपुरात ळ मिळणं मुश्कील, त्यामुळे पेन फार दिवस टिकत नाही.

राजधानी नवी, इमारत नवी, पण आमचं काम जुन्या नोंदींचं. संगणकाच्या प्रोग्राममध्ये कोणी, कधी, काय बदललं हे नावानिशी टिपून ठेवणारी सॉफ्टवेअर लायब्ररी आम्ही सांभाळतो. यंदा जुन्या फॉन्टांतल्या नोंदी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येतील अशा अक्षरांत, आणायच्या होत्या. पण जे अक्षर कळलं नाही, तिथे लायब्ररी सरळ प्रश्नचिन्ह ठोकायची. नव्या नोंदीतून मूळ अक्षर कायमचं गेलं!

साहेब म्हणाले, "चल जाएगा. पुराने नाम कौन पढ़ता है?"

ढवळ्यांना जेवण गोड लागेना. "नाव आहे ते मानसाचं! अंदाज नको लावू, कशात लिहिलं ते आधी पाहा," हे त्यांचं पालुपद आम्ही दिवसातून दहादा ऐकलं. एकेक नोंद उघडायची, कोणत्या जुन्या पद्धतीने टाइप केली ते शोधायचं, मग वाचायची. नाहीच कळली तर आहे तशी ठेवायची. मी पार वैतागलो होतो, पण गेलेली नावं परत दिसायला लागली तेव्हा मलाही मजा वाटू लागली.

शेवटी एकच नाव अडलं. ड-खालच्या नुक्त्यापाशी, म्हणजे हिंदीतल्या त्या टिंबापाशी, लायब्ररी हात टेकायची. ढवळ्यांनी तेही सोडवलं. पडद्यावर आलं, 'शकुन ढवड़े'.

शकुनवहिनी म्हणजे ढवळ्यांच्या पत्नी. माहेर अभनपूरचं, बोली छत्तीसगढी, पूर्वी आमच्याच ऑफिसात होत्या. शाबासकी मिळवायची हीच संधी म्हणून मी झटकन ळ टाइप केला.

"काहून बदलून राहिला बे?" ढवळे खेकसले.

"भाऊ, चुकलंय ना ते!"

"राहू दे. लग्नानंतर कामावर आली, त्या दिवशी लिहिलं तिनं." त्यांचा आवाज खाली आला. "साऱ्या रायपूरनं मले ल लावला. तिच्या बोलीत ळ नाही, तरी तिले समजलं का हा ल नोहे. तिच्यापाशी जे सगळ्यात जवळचं अक्षर होतं, ते तिनं मले देल्लं."

मला ढवळ्यांचा चक्क हेवा वाटला. मी ळ पुसून वहिनींचा ड़ परत जागेवर ठेवला.