दहा म्हटले तर तीस

साखळीच्या बाजारात वामनदादांचा फोटोचा स्टुडिओ होता. दादा सेकंद मोजत ते नारळांनी. "एक नारळ, दोन नारळ..." त्यांचे वडील माडावर चढून नारळ पाडायचे. लहानपणी खाली उभं राहून तेवढंच मोजायला शिकलो, असं सांगत.

उजेड मोजायचं लहानसं यंत्र गळ्यात असे, पण त्यावर भरवसा नव्हता. "अंधारात फिल्म आळशी होते, ते त्याला काय माहीत? दोन म्हटले तर चार द्यायचे, दहा म्हटले तर तीस!" हाच नियम ते घरीही लावत. त्यांच्या काळोख्या रांदचीकुडीत, म्हणजे स्वयंपाकघरात, भात हटकून करपायचा.

स्टुडिओत नवरानवरींच्या फोटोंमध्ये एक नुसता काळा फोटो चौकटीत लावलेला होता. त्याला रोज ताजं फूल. आम्ही बायका पदराआड हसायचो. कोणी विचारलं तर दादा म्हणत, "नमुना."

गोवा राज्य झालं त्या सुमारास माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. डॉक्टरांनी आशा सोडली होती, आणि घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. बाहेर नेणं शक्य नव्हतं. खोलीत उजेड एका काचेच्या कौलाचा. फ्लॅश त्यांना नको होता. "वीज अंगावर नको रे बाबा!"

दादांनी कॅमेरा स्टँडवर चढवला. "काकी, हालू नका. यंत्र दहा म्हणतंय, मी तीस देणार."

सातव्या नारळाला सासूबाई म्हणाल्या, "फोटो काढतोस की माड पाडतोस रे?" आणि स्वतःच हसल्या. तो फुकट गेला. दुसऱ्यांदा खोकल्या. रोलमध्ये आता एकच उरला.

"वैनी, मागे बसा. डोकं धरा त्यांचं."

मी उशीमागे लपून दोन्ही हातांनी धरलं. तीस झाले. दादा थांबेनात. एकतीस, बत्तीस... चाळीसला भिंगावर झाकण लावलं.

फोटो छान आला. कानशिलांवर माझी बोटंसुद्धा दिसत होती. आणायला गेले तेव्हा मी धीर करून विचारलं, "दादा, वरचे दहा कशाला दिले?"

त्यांनी काळ्या फोटोकडे पाहिलं. "ही माझी आई. अशाच खोलीत काढला होता. यंत्रानं दहा सांगितले, मी दहाच दिले. दुसरा काढायला ती राहिली नाही."

मी केसांतली अबोली काढून चौकटीला खोवली. दादा पाठमोरे उभे राहिले. मी मनात मोजत राहिले, एक नारळ, दोन नारळ...