गवऱ्यांवरचा कोरियन शनिवार

प्लॅनिंगमधी माझा हात धरणारं माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात न्हाई, हे मी आजबी ठासून सांगते! हसू नका गं पोरींनो. आधी ऐका, मंग हसा.

तुम्हाला आठवतंय ना, साखरपुडा झाल्यावर मी आन् आदिनाथ दर शनिवारी जालन्याच्या त्या कोरियन कॅफेत जायचो? कोपऱ्यातलं दोघांचं टेबल, रामेनचा एकच मोठा वाडगा आन् दोघांना दोन-दोन काड्या. पहिल्या दिवशी आदिनाथनं काड्यांनी असलं झोकात नूडल उचललं, की ते सुटलं ते डायरेक शेजारच्या काकांच्या कॉफीत! पण काय मजा यायची! बोलत बसायचो, बोलत बसायचो. रामेन गार व्हायचा, आमच्या गप्पा न्हाई.

मंग लग्न झालं. सासर मंठ्याजवळच्या खेड्यात, नवऱ्याचं मंठ्यात खत-बियाण्याचं दुकान, आन् घरात माणसं किती हे मला पयला महिनाभर मोजताच आलं न्हाई. एक आत गेलं की दोन बाहेर येतात! आमच्या खोलीला दार हाय, पण नावाला. "मीठ कुठंय?" म्हणून कुणीबी आत येतं. आता तुम्हीच सांगा, आमच्या झोपायच्या खोलीत मीठ कशाला आसंल? नवऱ्याला "अहो" म्हणून हाक मारावी तर तीन जण "काय गं?" म्हणतात. दोघांनी निवांत बसून बोलणं म्हणजे एस.टी.त खिडकीची जागा मिळण्यासारखं!

आन् मला तर अर्जंट बोलायचं होतं! लग्नाआधी मी जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत मुलाखत दिल्ती. लॅबची नोकरी, बियाणं किती उगवतं ते तपासायची. मी तर इसरूनच गेल्ते. आन् बुधवारी फोन! आमच्याकडं रेंज फक्त गच्चीवर. मी पळत वर गेले. "मॅडम, तुमचं झालंय. सोमवारपर्यंत हो का न्हाई ते कळवा." मी "थँक्यू सर, थँक्यू सर" म्हणत गच्चीवर नाचूनच राह्यले! शेजारच्या गच्चीवर बेबीनंदा काकू मिरच्या वाळू घालून राह्यल्या होत्या, पण त्यांचं सगळं लक्ष मिरच्यांत होतं.

आता हे मला आदिनाथला सांगायचं होतं. सगळ्यात आधी, एकट्याला. कारण घरात एकदा गोष्ट निघाली की तिची ग्रामसभा होते. चुलते बोलणार, आत्याबाई बोलणार (म्हणजे माझ्या सासूबाई हो), मंग आदिनाथ म्हणणार, "माय म्हणंल तसं." मला माय काय म्हणते ते नको होतं. त्याला सोताला काय वाटतं ते पाहिजे होतं!

मंग काय, केला प्लॅन! कॅफे शेतात आणायचा!

ऑनलाईन पार्सल मागवलं ते दुकानाच्या पत्त्यावर. रामेन आला, ती लाल चटणी आली, समुद्री शेवाळाचे काळे कागद आले, काड्या आल्या. शनिवारचं आमच्यात चालत न्हाई, म्हणून चिकन कॅन्सल, पनीर आन् मशरूम. कोबीची किमची मी सोता घातली आन् पलंगाखाली मुरवली. तिचा वास सुटला तर सासरे दोन दिवस घरभर मेलेला उंदीर हुडकून राह्यले होते! मी बी त्यांच्याबरोबर हुडकला. काय करणार!

शनिवारी दुपार कलल्यावर म्हणलं, "आत्याबाई, हरभऱ्याची भाजी खुडून आणते."

"एवढी मोठी पिशवी?"

"लई भाजी हाय ना!"

शेत गावाला लागूनच. अलीकडं हरभरा, पलीकडं डोक्याएवढी ज्वारी, मधी आखाडा, म्हणजे शेतातली खोपी. आदिनाथ दुकान बंद करून येणार होता, येताना मंठ्याच्या आईस्क्रीमवाल्याच्या फ्रीजमधी ठेवलेल्या मोची, म्हणजे तांदळाच्या पिठातले आईस्क्रीमचे गोळे, आणणार होता. त्याला फक्त एवढंच सांगितलं होतं, "आज कॅफे हाय, ये." पोरगं सकाळपासून लाजून राह्यलं होतं!

मी सतरंजी टाकली, काळ्या कागदांत भात गुंडाळून किमबाप केले, बाटलीत झेंडूचं फूल ठेवलं. मंग ध्यानात आलं, कोळसा इसरला! पण आखाड्यामागं गवऱ्यांची ही रास. म्हणलं, आग ती आग! खड्डा केला, गवऱ्या रचल्या, पेटवल्या, वर पापड भाजायची जाळी. गवऱ्या जरा वल्ल्या निघाल्या. धूर आसा सरळ वर गेला, आसा सरळ, जसा काय मीच अख्ख्या गावाला मिस कॉल दिलाय!

आता मी जालना शहरातली पोरगी. मला काय माहिती, जानेवारीत उभ्या ज्वारीशेजारून गवऱ्यांचा धूर निघाला, की त्याचा एकच अर्थ होतो? हुरडा! आन् हुरड्याला आवतण लागत न्हाई. धूर दिसला की जायचं, आगटीभवती बसायचं. उलट कुणी बघून न बघितल्यासारखं पुढं गेलं, तर त्याचंच चुकतं!

पयले आले आबाकाका, आदिनाथचे चुलते. धोतर सावरत, खिशातून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढतच आले.

"हुरडा लावला व्हय सूनबाई? बरं केलं!"

"न्हाई काका, हे... हे कोरियन हाय."

काका थबकले. डोळे चमकले. "कोरियन? नवं वाण आलं का आदिनाथच्या दुकानात?"

"वाण न्हाई हो काका..."

"दाणा कसा हाय? गोड हाय का?" आन् माझं उत्तर यायच्या आधी फोन कानाला! "हॅलो! अय, कुठंय तू? आदिनाथनं कोरियन ज्वारीचा हुरडा लावलाय! जल्दी ये! आन् येताना गूळ आण!"

पोरींनो, शेतात रेंज नसती, पण त्याच दिवशी फुल्ल होती! काकांनी फोन ठेवला आन् बांधावर माणसं दिसायला लागली. कुणाच्या हातात दही, कुणाच्या हातात चटणी, एक जण तर घोंगडी घेऊन आला, मुक्कामी असल्यासारखा! सगळे आगटीभवती गोल बसले. माझ्या सतरंजीवर मला जागा उरली न्हाई. आन् सगळ्यांच्या पुढं होत्या आत्याबाई!

"भाजी खुडायला आल्तीस ना गं तू?"

"हो, खुडून राह्यले की."

"आगीत?"

मी आडवी मान हलवली, मंग उभी हलवली, मंग पनीर उलटवलं.

आता येवढी माणसं दारात आल्यावर, म्हणजे बांधावर आल्यावर, उपाशी लावायची कशी? वाढलं! काय करता! पयल्यांदा किमबाप फिरवले. आबाकाकांनी एक उचलून उन्हात धरला. "भात चांगला हाय. पण कार्बन पेपरात कशाला बांधला?" आन् कागद सोलून भात खाल्ला! त्यांचं बघून सगळ्यांनी सोलला. माझ्यासमोर शेवाळाच्या सालींचा ढीग!

बेबीनंदा काकूंनी लाल चटणीत बोट बुडवलं. "ठेचाच हाय गं बाई. पण साखर पडली वाटतं चुकून?"

किमचीवर तर आबाकाकांनी डायरेक निकाल दिला. "कोबीचं लोणचं झकास हाय. नासलंय तेवढं." आन् परत वाटी पुढं केली. मंग परत पुढं केली. मी म्हणलं, "काका, नासलंय ना?" तर म्हणतात, "म्हणूनच संपवून राह्यलोय, वाया कशाला घालायचं!"

रामेनची तर दोनच पाकिटं! मी पातेल्यात टाकून राह्यले, तर आत्याबाईंनी पदर खोचला. "सर बाजूला. येवढ्यात काय होतंय?" घरी निरोप धाडला, "येसुराच्या मसाल्याचा डबा घेऊन सगळे इकडंच या!" मंग पातेल्यात कळशीभर पाणी, मूठभर येसूर, वरून कोथिंबीर. कोरियाचा रामेन बघता बघता मराठवाड्याची आमटी झाली, त्यात इथंतिथं एखादं नूडल पोहून राह्यलेलं! ज्याच्या वाटीत नूडल आलं तो लॉटरी लागल्यागत वरडायचा, "मला आलं! मला आलं!"

आन् खरं सांगू? लई भारी लागून राह्यली होती!

"काड्या कुठंयत?" मी हुडकायला लागले. आबाकाका म्हणले, "त्या व्हय? जाळ कमी झाल्ता, घातल्या. चांगल्या वाळलेल्या होत्या."

तेवढ्यात बांधावर बाईक थांबली. आदिनाथ! नवा शर्ट, सेंट मारलेला, हातात मोचीचा डबा. त्यानं एवढी गर्दी बघितली आन् डबा छातीशी धरून पळतच सुटला.

"काय झालं? काय झालं? कुणाला इचू चावला?"

"ये ये!" आबाकाका तोंडात किमची घेऊन वरडले. "लई चांगली पार्टी दिली बायकोच्या नोकरीची!"

"कसली नोकरी?"

बास! नूडल ओढायचा आवाजबी बंद! सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मी बेबीनंदा काकूंकडं बघितलं. आता त्यांचं सगळं लक्ष किमचीत होतं.

"आरं, जालन्याची," आत्याबाई म्हणल्या. "बियाण्याच्या कंपनीतली. बुधवारपासून अख्ख्या गावाला माहिती हाय की! आम्ही म्हणलं, नवराबायको सांगतील तव्हा सांगतील, आपण कशाला विचारा? आज धूर बघितला, म्हणलं चला, सांगायलाच बोलावलं. तुला हिनं सांगितलं न्हाई व्हय?"

आदिनाथनं माझ्याकडं बघितलं. आसं बघितलं ना पोरींनो! चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला न्हाई. नुसता "बरं" म्हणला, वळला आन् गाडीकडं चालायला लागला. नव्या शर्टाची मागची घडीबी मोडली नव्हती.

मी पळाले! हातात चिमटा तसाच! गाडी चालू झाली आन् मी मागं उडी मारून बसले. घरापर्यंत त्याच्या पाठीकडंच बघत राह्यले. म्हणलं, मोनिका, तू कॅफे आणायला गेलीस आन् नवरा घालवलास!

घरी आलो तर काय! दाराला कुलूप! लग्न झाल्यापासून त्या घराला कुलूप मी पयल्यांदा बघितलं. सगळे शेतात! आन् चावी? आत्याबाईंच्या कमरेला! अख्खं घर रिकामं, आन् आम्ही बाहेर!

बसलो मंग ओट्यावर. तो एका टोकाला, मी एका टोकाला.

"सगळ्या गावाला माहिती," तो म्हणला. "मीच शेवटचा."

"तुलाच पयले सांगायचं होतं रे! तुला एकट्याला! म्हणून तर येवढा कुटाणा केला!"

तो हळूच म्हणला, "तर मंग सांग."

"आता काय सांगू? सगळं कळलंय की तुला."

"मला काय न्हाई माहिती. मला कुणी काय सांगितलं न्हाई. तू सांग."

पोरींनो, मी तिथंच अर्धी वितळले! सांगितलं सगळं, पयल्यापासून. गच्ची, फोन, थँक्यू सर, नाचणं, पलंगाखालची किमची. उंदराची गोष्ट ऐकून तो हसायला लागला. हसत हसत डबा उघडला तर मोचीबी वितळलेल्या, एकमेकींना चिकटून एकच मोठा उंडा झाल्ता. काड्या तर जळाल्या! मंग माझ्या हातातल्या चिमट्यानंच तोडून खाल्ल्या. एक घास त्याला, एक मला.

"आता खरं सांग," मी म्हणलं. "तुला काय वाटतं? मायला न्हाई, तुला."

"जा की! येवढी शिकलीस ती मिरच्या राखायला व्हय? सकाळी मी मंठ्याच्या स्टँडवर सोडतो, संध्याकाळी घ्यायला येतो. आन् शनिवारी..." तो लाजला! खरंच लाजला! "शनिवारी दुकान जल्दी बंद करून मीच जालन्याला येतो. कोपऱ्यातलं टेबल."

मी त्याचा हात धरणारच होते, तेवढ्यात अंधारातून आवाज आला, "शनिवारी कुठं जायचंय?"

आत्याबाई! कमरेला चावी, डोक्यावर रिकामं पातेलं, मागं सगळी वरात! आदिनाथ बोलून गेला, "जालन्याला, कोरियन खायला." आबाकाका म्हणले, "जालन्यात आसलं जेवण मिळतं? रोज? मंग तर बघितलंच पाहिजे!"

परवा पयला शनिवार झाला. मी ऑफिसातून डायरेक कॅफेत गेले. तो कॅफेवाला दादा ओळखीचं हसला. "मॅडम, लई दिवसांनी! दोघांचंच ना? कोपऱ्यातलं ठेवलंय."

मी काय बोलणार, तोवर दारापुढं क्रूझर येऊन थांबली. दारं उघडली आन् माणसं उतरायला लागली ती उतरायलाच लागली. सगळ्यात शेवटी आदिनाथ, कडेवर दुसऱ्याचं लेकरू. आन् सगळ्यात पुढं आत्याबाई, काखेत पोतं!

"सूनबाई, ह्यांना म्हणावं काळजी करू नका. गवऱ्या आपण घरून आणल्यात!"

कोपऱ्यातल्या टेबलावर आबाकाका बसले. आम्हाला दोघांना जागा मिळाली ती हात धुवायच्या बेसिनपाशी, उभ्यानं. पण खरं सांगू का, तिथं मीठ मागायला कुणी आलं न्हाई!

आन् हो, ती क्रूझर कुणी बुक केल्ती ते इचारू नका. आत्याबाईंनी इचारलं, "जायचं कसं गं?" आन् माझ्या तोंडून निघून गेलं, "मी करते ना प्लॅनिंग!"

हं. आता हसा.